लसीच्या इंजेक्शननंतर मुलीचा पाय अधू : तडजोड करावी की केस लढावी?

निंबोणी (१२ ऑगस्ट २०२५, रात्री ११:४०)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी आता दोन वर्षं सात महिन्यांची आहे. गेल्या वर्षी जुलैत दीड वर्षाचा ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर द्यायला नेहमीच्या खाजगी क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टर बाहेर गेले होते, सिस्टरनी इंजेक्शन दिलं. कुल्ल्यावर. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, आम्हाला लहानपणी तिथेच टोचायचे. पण पोर ज्या तऱ्हेनं किंचाळली ते नेहमीचं रडणं नव्हतं. संध्याकाळी उभी केली तर डावं पाऊल नुसतं लोंबत होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. मांडीमागून जाणाऱ्या सायटिक नसेला इजा, फूट ड्रॉप, म्हणजे पाऊल वर उचलता न येणं. तीन आठवड्यांनी नर्व्हची तपासणी झाली, तेव्हापासून स्प्लिंट आणि आठवड्यातून तीनदा फिजिओ. आता बरीच सुधारणा आहे. चालते, जिना चढते, फक्त पळताना पाऊल फटकन आपटतं. आत्तापर्यंत एक लाख ऐंशी हजार खर्च झालेत.

वकिलांची नोटीस गेल्यावर क्लिनिककडून उत्तर आलं : चूक मान्य नाही, पण 'माणुसकीच्या नात्याने' सहा लाख देऊ. सोबत तीन पानी कागद. त्यात 'पूर्ण व अंतिम', पुढे कुठेही दावा नाही, मेडिकल कौन्सिलकडे तक्रार नाही, कुणाशीही बोलायचं नाही.

नवरा म्हणतो घेऊन मोकळे होऊ. सासरे म्हणतात कोर्टात खेचा. माझी मावशी म्हणते यापुढे एकही लस देऊ नकोस. मला कुणाचंच पटत नाहीये. काय करावं?

---

रिकामटेकडा (१२ ऑगस्ट, ११:५२)

वाईट वाटलं वाचून. सही करू नका, एवढंच आत्ता सांगतो. जाणकार येतीलच.

---

गुळवेल (१३ ऑगस्ट, सकाळी ७:१०)

सहा लाख?? पुण्यात तेवढ्यात पार्किंगची जागा येत नाही.

---

बाळडॉक्टर (१३ ऑगस्ट, सकाळी ८:३५)

मी बालरोगतज्ज्ञ आहे, तेव्हा थोडं आमच्या बाजूचं आणि थोडं विरुद्धही लिहितो.

इतक्या लहान मुलांना लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात द्यायची असते, कुल्ल्यावर नाही. एक तर तिथून सायटिक नस जाते, दुसरं म्हणजे तिथली चरबी जाड असल्याने लस स्नायूत पोचेलच याची खात्री नसते. हे काही कालपरवा ठरलेलं नाही. 'पूर्वीपासून तिथेच देतो' ही सवय आहे, शास्त्र नव्हे.

पण ताई, शीर्षकात तुम्ही 'लसीच्या इंजेक्शननंतर' म्हटलंत, तिथे जरा थांबा. तुमच्या मुलीला जे झालं ते लसीतल्या औषधाने झालेलं नाही. तिथे प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं असतं तरी हेच झालं असतं. लसीकरणानंतरच्या त्रासाची जी सरकारी वर्गवारी आहे त्यात लसीचा स्वतःचा दोष, लसीच्या दर्जातला दोष, टोचण्यातली चूक, सुईच्या भीतीने आलेली चक्कर आणि निव्वळ योगायोग असे वेगवेगळे कप्पे आहेत. तुमचं प्रकरण तिसऱ्या कप्प्यातलं दिसतं. कागद न बघता याहून जास्त बोलणार नाही.

नस रोज साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणून वेळ लागतो. लहान मुलांत सुधारणा पुष्कळदा चांगली होते. फिजिओ सोडू नका.

---

शंकासुर (१३ ऑगस्ट, सकाळी ९:०२)

आले डॉक्टर, लसीला वाचवायला. २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने लंडनच्या कोर्टात काय कबूल केलं ते विसरलात का? तीच लस आपल्या हडपसरमधून कोविशील्ड म्हणून देशभर गेली. मावशी बरोबर बोलतायत.

---

बाळडॉक्टर (१३ ऑगस्ट, सकाळी ९:२०)

विसरलो नाही. फार विरळा अशा रक्तगाठी आणि सोबत प्लेटलेट कमी होणं, हे होऊ शकतं असं त्यांनी मान्य केलं. २०२१ मध्येच ते माहीत झालं होतं आणि कित्येक देशांनी तरुणांना ती लस देणं थांबवलं होतं. तो लसीचा दोष होता, म्हणून त्याला लसीचा दोष म्हणायचं. इथे सुई चुकीच्या जागी घुसली, तर त्याला सुईचा दोष म्हणायचं. दोन्ही एकाच पातेल्यात शिजवू नका.

---

काळा_कोट (१३ ऑगस्ट, दुपारी २:१५)

कोर्टाच्या मधल्या सुट्टीत लिहितोय, शुद्धलेखन माफ करा.

१९९८ चा सुप्रीम कोर्टाचा स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा निकाल तुमच्या वकिलांना माहीत असेलच. नर्सने चुकीचं इंजेक्शन दिलं, मूल कायमचं अधू झालं. कोर्टाने सांगितलं की मूलही ग्राहक आणि त्याच्यासाठी पैसे मोजणारे आईवडीलही ग्राहक. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना वेगळे पाच लाख. १९९८ चे पाच लाख, हे लक्षात घ्या. नर्सच्या चुकीची जबाबदारी हॉस्पिटलवर. म्हणजे 'डॉक्टर त्या दिवशी नव्हते' याने क्लिनिक सुटत नाही.

तुमच्या तीन पानांत मुलीचा हिस्सा वेगळा दाखवलाय का? नसणारच. कारण अज्ञान (अल्पवयीन) मुलाच्या वतीने पालकाने बाहेरच्या बाहेर केलेली तडजोड कच्ची असते. दिवाणी दाव्यात तर कोर्टाची परवानगी लागते, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ३२ नियम ७. ती न घेता केलेली तडजोड मुलाच्या बाजूने पुढे मोडता येते. त्यामुळे खरं तर समोरच्यालाही हा कागद नुसत्या स्टँपपेपरवर नको असायला हवा. त्यांच्या वकिलाला हे कळलं नसेल तर तुम्ही कळवा, रक्कम वाढायला मदत होईल :)

मुदतीचं बघा. ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षं. म्हणजे पुढच्या वर्षीचा जुलै. बोलणी करत करत तो महिना निघून जाऊ देऊ नका. मी हे तीन अशिलांच्या बाबतीत पाहिलंय. 'चर्चा चालू आहे' ही मुदत वाढवण्याची सबब नव्हे.

---

तात्या_बिबवेवाडी (१३ ऑगस्ट, संध्या. ६:४०)

वडिलांच्या ऑपरेशनची केस लढलेला माणूस म्हणून लिहितो. जिल्हा आयोगात सहा वर्षं. तारखा, तज्ज्ञाचा अहवाल, सदस्यांची जागा रिकामी, परत तारखा. निकाल आमच्या बाजूने लागला, पेढे वाटले. समोरच्याने अर्धी रक्कम भरली आणि राज्य आयोगात अपील केलं. अजून तीन वर्षं. वडील दुसऱ्या वर्षीच गेले.

सासऱ्यांना मान आहे, पण त्यांना एकदा फाइल घेऊन तारखेला पाठवा. बाकडी लाकडी आहेत.

---

अक्का (१३ ऑगस्ट, रात्री ९:००)

तात्या, तुमचं दुःख समजलं, पण सगळेच असं म्हणून सह्या करतात म्हणूनच ही क्लिनिकं सुधारत नाहीत. उद्या ती सिस्टर दुसऱ्या बाळाला तिथेच टोचणार. निंबोणी, पैसे घे नाहीतर नको घेऊ, पण 'कुणाशीही बोलायचं नाही' ही अट मुळीच मान्य करू नकोस.

---

अटकेपार (१४ ऑगस्ट, सकाळी ५:३०)

न्यू जर्सीहून. इकडे यासाठी वेगळी सोय आहे. १९८६ चा कायदा, १९८८ पासून निधी. प्रत्येक डोसवर, त्यात जितके रोग असतील त्या प्रत्येकामागे ७५ सेंट कर कापतात, त्यातून भरपाई मिळते. चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. वकिलाची फीसुद्धा निधीतून, दावा हरला तरी, फक्त तो प्रामाणिक हवा. वेदनेपोटी कमाल अडीच लाख डॉलर, मृत्यू झाल्यास तेवढेच. ऐंशीच्या दशकात याच ट्रिपलच्या लसीवर इतके खटले झाले की कंपन्या लस बनवणं सोडायला लागल्या, म्हणून हा मार्ग काढला.

ब्रिटनमध्ये १९७९ पासून आहे, पण तिथे एकरकमी १ लाख २० हजार पौंड आणि अट अशी की अपंगत्व ६० टक्के हवं. ५९ असेल तर शून्य.

आपल्याकडे असं काही का नाही?

---

काळा_कोट (१४ ऑगस्ट, सकाळी १०:०५)

@अटकेपार, कोविड लसीनंतर दोन तरुण मुली गेल्या, त्यांच्या पालकांच्या याचिकेत केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रतिज्ञापत्र दिलं : लस ऐच्छिक होती, सरकार भरपाईला जबाबदार नाही, दिवाणी न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात जा. औषधाच्या चाचणीत भाग घेतलेल्या माणसासाठी मात्र २०१९ च्या नियमांत भरपाईचं चक्क सूत्र आहे. मूळ रक्कम ८ लाख, वय आणि जोखमीचा गुणक, भागिले ९९.३७. म्हणजे चाचणीत इजा झाली तर सूत्र, बाजारात आल्यावर झाली तर वकील. आमचं पोट चालतं, तक्रार नाही.

---

सदाशिवपेठी (१४ ऑगस्ट, दुपारी १२:५५)

सुई की लस हा वाद नवा नाही. विषय निघालाच आहे तर सांगतो.

१८९७ ला पुण्यात प्लेग, रँडचा अंमल, हे सर्वांना पाठ. त्याच सुमारास मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञांनी प्लेगची लस काढली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना टोचलं आणि त्यातले १९ धनुर्वाताने मेले. त्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस दिलेली. खापर हाफकिनच्या प्रयोगशाळेवर फुटलं, त्यांना पदावरून दूर केलं. पुढे बाहेर आलं की बाटली उघडताना साहाय्यकाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं, तेही रोनाल्ड रॉससारख्या मंडळींनी लेखण्या उपसल्यावर. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचं नाव दिलं.

त्या १९ जणांच्या घरच्यांना काय मिळालं, हे मात्र कुठे वाचल्याचं आठवत नाही. इतिहास हाफकिनचा लिहिला गेला.

---

रिकामटेकडा (१४ ऑगस्ट, दुपारी १:०३)

पेठेत १ ते ४ झोपायच्या आधी टंकलेलं दिसतंय. माहिती मस्त.

---

मुठाकाठ (१४ ऑगस्ट, संध्या. ७:२०)

मी धायरीत राहतो. यंदा जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन अंग लुळं पडतं) किती पेशंट झाले ते सगळ्यांना माहीत आहे. माझा चुलतभाऊ त्यात होता, सतरा दिवस आयसीयू. त्याने दोन महिने आधी फ्लूची लस घेतली होती. घरात सगळे म्हणाले लसच. पण शेजारच्या इमारतीतल्या ज्या काकूंनी कुठलीच लस घेतली नव्हती त्याही त्याच वॉर्डात. नंतर कळलं की पाण्यातले जंतू, कॅम्पायलोबॅक्टर. आमचा वकील तर नोटीस लिहूनही बसला होता.

म्हणून निंबोणीताईंना विचारतो, तुमच्याकडे पुरावा काय आहे? 'आधी इंजेक्शन, मग त्रास' एवढ्यावर समोरचा म्हणेल योगायोग.

---

निंबोणी (१५ ऑगस्ट, सकाळी ११:१०)

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचा मुद्दा पटला, मावशीलाही वाचून दाखवला. ती म्हणाली 'तुझे ते डॉक्टर एकमेकांना सामील'. असो.

मुठाकाठ, पुराव्याचं सांगते. लसीच्या कार्डावर शिक्का आणि लसीचं स्टिकर आहे, पण कुठे टोचलं ते लिहिलेलं नाही. त्याच संध्याकाळी ६:४८ ला मी डॉक्टरांना व्हॉट्सॲप केलं होतं : 'डाव्या बाजूला इंजेक्शन दिलंय, बाळ डावा पाय टाकत नाहीये'. उत्तर आलं : 'बर्फ लावा, उद्या बघू'. तो मेसेज आहे.

आणखी एक गोष्ट झाली होती. मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखवल्यावर तिसऱ्या दिवशी महापालिकेच्या दवाखान्यातून दोन बायका घरी आल्या आणि मुलीच्या शीचे नमुने मागायला लागल्या! दोन दिवस, दोन डब्या, बर्फाच्या पेटीतून नेल्या. मी घाबरले, वाटलं पोलिओच झाला. दोन महिन्यांनी परत येऊन पाय तपासून गेले. त्याचा काही उपयोग होतो का?

---

बाळडॉक्टर (१५ ऑगस्ट, सकाळी ११:३२)

उपयोग होतो का म्हणजे? तेच तुमचं सोनं आहे. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला की पोलिओ नाही ना हे बघायला ती पाहणी होते. २४ तासांच्या अंतराने दोन नमुने, साठ दिवसांनी फेरतपासणी. त्या फॉर्मवर 'लुळेपणाआधी त्या पायात इंजेक्शन दिलं होतं का' याचीही नोंद करतात. आणि इंजेक्शनने नस दुखावली हे त्यांच्या नेहमीच्या निदानांपैकी एक आहे. घटना ताजी असताना त्रयस्थ सरकारी माणसाने लिहिलेला कागद. त्याची प्रत मागा.

---

काळा_कोट (१५ ऑगस्ट, दुपारी १२:००)

झेंडावंदन करून आलो तर हे वाचायला मिळालं. डॉक्टर, तुम्ही आमच्या बाजूला या.

ताई, माहितीच्या अधिकारात मुलीची आई म्हणून साक्षांकित प्रत मागा. ती हातात येईपर्यंत क्लिनिकला काहीही उत्तर देऊ नका.

---

शंकासुर (१५ ऑगस्ट, दुपारी ४:४४)

बघा, सरकारकडे सगळी माहिती असते, लपवतात.

---

अक्का (१५ ऑगस्ट, दुपारी ४:५०)

शंकासुरा, बर्फाच्या पेटीतून शी नेली रे, लपवायला नाही.

---

संपादक (१५ ऑगस्ट, संध्या. ५:१५)

कोविड लसीच्या चर्चेसाठी वेगळे धागे आहेत. इथले सात प्रतिसाद उडवले आहेत. क्लिनिक ओळखता येईल असं कुणीही लिहू नये.

---

निंबोणी (२१ सप्टेंबर, रात्री १०:२०)

गणपती, पितृपक्ष यात महिना गेला. प्रत मिळाली. 'इंजेक्शनची जागा : डावा कुल्ला. अंतिम निदान : ट्रॉमॅटिक न्यूरायटिस.' म्हणजे इजेने नस दुखावली. आमच्या वकिलांनी ती पाठवल्यावर चार दिवसांत क्लिनिकच्या विमा कंपनीचा माणूस भेटायला आला. आकडा आता अकरा लाख. मेडिकल कौन्सिलची अट काढायला तयार आहेत. न बोलण्याची अट ठेवायची म्हणतात.

खरं सांगू? डॉक्टर स्वतः भेटायला आले होते. मुलीला जन्मापासून तेच बघत होते. बसले, चहा घेतला नाही, म्हणाले 'मला तुम्हाला सॉरी म्हणायचंय पण विमावाल्यांनी लिहून द्यायला मनाई केलीय'. मी काय बोलणार होते. त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली.

---

तात्या_बिबवेवाडी (२१ सप्टेंबर, रात्री १०:४५)

हे ऐकायला आम्ही नऊ वर्षं थांबलो होतो. नाही मिळालं.

---

काळा_कोट (२२ सप्टेंबर, सकाळी ९:५०)

अकरा लाख ठीक आहेत की नाही हे इथे बसून सांगता येत नाही. पाय पूर्ण सुधारला तर चांगले, वाढत्या वयात शस्त्रक्रिया लागली तर कमी. म्हणून आधी औंधच्या जिल्हा रुग्णालयातून किंवा ससूनमधून अपंगत्वाची तपासणी करून घ्या आणि तुमच्या हाडांच्या डॉक्टरांकडून पुढच्या दहा वर्षांच्या खर्चाचा अंदाज लेखी घ्या. त्या अंदाजावर बोला, झालेल्या खर्चावर नको.

न बोलण्याची अट फक्त रकमेपुरती ठेवा. उपचार करणारे डॉक्टर, सरकारी यंत्रणा, शाळा यांना काय झालं ते सांगायची मुभा स्पष्ट लिहून घ्या.

आणि प्रकरण दाखलपूर्व म्हणून, म्हणजे दावा दाखल करण्याआधीच, लोकअदालतीत ठेवा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही, फीही नाही. मुलीचा हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे ठेव, अठरा पूर्ण होईपर्यंत मुद्दल हलवायचं नाही, व्याज उपचाराला. हे सगळं निवाड्यातच लिहून घ्या.

---

गुळवेल (२२ सप्टेंबर, सकाळी १०:०२)

माझा पार्किंगचा विनोद मागे घेतो.

---

निंबोणी (१४ डिसेंबर, दुपारी ३:३०)

काल शिवाजीनगरला लोकअदालतीत झालं. तेरा लाख. नऊ मुलीच्या नावे ठेवीत, चार आम्हाला. 'चूक मान्य न करता' हे शब्द राहिले, ते काही केल्या निघेनात. बदल्यात आम्ही एक ओळ घालून घेतली : क्लिनिकमधल्या सर्व कर्मचाऱ्यांना इंजेक्शनच्या जागेचं प्रशिक्षण देणार आणि कार्डावर दर वेळी जागा लिहिणार. पॅनेलवरच्या मॅडम वाचून म्हणाल्या, 'ही ओळ कुणी सुचवली?' सासरे म्हणाले, 'मी'. सुचली होती अक्कांच्या इथल्या बोलण्यावरून. पण बोलू दिलं. कोर्टात खेचा म्हणत होते, कोर्टात आले.

दोन तास बाकड्यावर बसलो. तात्या, लाकडीच आहेत.

---

अक्का (१४ डिसेंबर, दुपारी ३:४१)

रडवलंस. श्रेय सासऱ्यांना राहू दे.

---

बाळडॉक्टर (१४ डिसेंबर, संध्या. ५:००)

अभिनंदन म्हणावं की नाही कळत नाही, पण बरं वाटलं. त्या एका ओळीसाठी आमच्या संघटनेच्या ग्रुपवर नाव-गाव न घेता हे लिहू का?

---

निंबोणी (१४ डिसेंबर, संध्या. ५:२५)

जरूर लिहा. तेवढी मुभा ठेवलीय कागदात.

एक राहिलं. या गडबडीत दीड वर्षानंतरच्या राहिलेल्या लसी दिल्याच नाहीत, नुसतं कार्ड बघितलं तरी हात कापायचा. परवा महापालिकेच्या दवाखान्यात जाणार आहे. त्याच ताई आहेत तिथे, डब्यावाल्या. आता ती तीन वर्षांची होईल, मग दंडावर की मांडीवर?

---

बाळडॉक्टर (१४ डिसेंबर, संध्या. ५:३१)

आता दंडावर चालेल. आधी विचारा, मग जागा स्वतः बघा, मग कार्डावर लिहून घ्या. आणि तुम्ही सुईकडे नका बघू.